पाणी वेळेवर आलं त्या वर्षी

यंदा कावेरीला पाणी आलं तेव्हा मी कुंभकोणमलाच होते. मुद्दाम जमवलं नव्हतं. लॅपटॉप घेऊन आईकडे आले होते, पुण्याचं काम इथूनच चाललं होतं, आणि एका सकाळी आईनं स्वयंपाकघरातून सांगितलं की पाणी कल्लणैचा बंधारा ओलांडून पुढे निघालंय, उद्यापर्यंत आपल्या पुलाखाली येईल.

हे ‘पाणी येणं’ पुण्यातल्या मैत्रिणींना समजावताना माझी नेहमी पंचाईत होते. त्यांच्याकडे नदी पावसानं भरते. आमच्याकडे जूनमध्ये आभाळ कोरडं असतं, ऊन डोळ्यांवर येतं, आणि नदी म्हणजे नुसता वाळूचा रुंद रस्ता. शेळ्या एका काठावरून दुसऱ्या काठावर चरत जातात. पाणी येतं ते लांबच्या मेट्टूर धरणातून. धरणाचे दरवाजे उघडले की ते निघतं आणि गावंमागून गावं घेत सावकाश आमच्यापर्यंत पोचतं. त्याच्या पुढे त्याची बातमी चालते. उशिरा धावणाऱ्या गाडीची चौकशी करावी तशी माणसं एकमेकांना फोन करून विचारतात, कुठवर आलंय.

आणि येतं तेव्हा काही फार देखणं नसतं. तपकिरी पाण्याची एक बोटभर उंचीची कड, तिच्या तोंडाशी फेस, वाळकी पानं, नारळाच्या शेंड्या, कुणाची तरी एकुलती एक चप्पल. कुणी चटई ओढत न्यावी तसा हलका आवाज. मग महिनोन्‌महिने तापलेल्या वाळूचा ओला वास वर येतो. बायका पुलावरून शेवंतीची फुलं टाकतात, विड्याच्या पानावर कापूर लावतात. बगळे कुठून येतात ते कळत नाही, पण येतात.

या वासाला माझ्या मनात दुसरंच काहीतरी चिकटलेलं आहे. कॉलेजांच्या माहितीपत्रकांचा गुळगुळीत कागद आणि अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानातली कॉफी. कारण ज्या वर्षी मला पुढे काय शिकायचं ते ठरवायचं होतं, त्या वर्षीही पाणी असंच वेळेवर आलं होतं.

आमचं घर मराठी. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज तंजावरला आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, असं आम्ही कुणी न शिकवता शिकतो. देवघरात विठ्ठल-रखुमाई, त्यामुळे माझं नाव रुक्मिणी आणि सगळ्या गल्लीसाठी मी रुक्कु. अप्पांचं कॉफीपुडीचं दुकान आहे. ते संध्याकाळी घरी आले की त्यांच्या आधी भाजलेल्या बियांचा वास आत येतो. आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आणि अप्पांचे मोठे भाऊ, माधूकाका, चार्टर्ड अकाउंटंट.

काकांचं ऑफिस मोठ्या तळ्याजवळच्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या वर. दिवसभर खालून पितळेवर ठोकण्याचा आवाज येत राहायचा आणि वर काका त्या तालाकडे अजिबात लक्ष न देता हिशेब तपासत बसायचे. काका-काकूंना मूल नव्हतं. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसात जायची. आकड्यांच्या रांगेवर पट्टी कशी ठेवायची, बेरीज वरून खाली केली की मग खालून वर कशी करायची, हे त्यांनी मला शिकवलं. मी बी.कॉम. झाले की त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणार, सीए होणार आणि पुढे ते ऑफिस चालवणार, हे आमच्या घरात कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं. बोलायची गरजच वाटली नव्हती. मलाही तसं काही वावगं वाटत नव्हतं. ते ऑफिस मला आवडायचं. खिडकीजवळचं टेबल काकांनी माझ्यासाठी रिकामं करून ठेवलंय हेही मला माहीत होतं.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी कॉमर्स शिकवणाऱ्या जयंती मॅडमनी सगळं बिघडवलं, असं अप्पा अजून म्हणतात, पण हसत म्हणतात. मॅडमनी प्रत्येकीला एकेका कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला दिला आणि सांगितलं, ही कंपनी पुढच्या वर्षी कशी चालेल ते कारणं देऊन लिहा. मैत्रिणींनी बँका आणि मोबाइलच्या कंपन्या पटापट उचलल्या. माझ्या वाट्याला भातलावणीची यंत्रं बनवणारी कंपनी आली. मी नाराज झाले. घरी येऊन अहवाल उघडला. सुरुवातीच्याच पानांत अध्यक्षांचं वाक्य होतं: कावेरीच्या खोऱ्यात यंदा आमच्या यंत्रांना चांगली मागणी राहील.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. कावेरीचं खोरं म्हणजे आम्हीच की. छापील वाक्याशी वाद घालावासा वाटण्याची ती माझी पहिली वेळ. तोवर छापलेलं म्हणजे पाठ करायचं, एवढंच मला माहीत होतं.

माझी मैत्रीण शेन्बगम तिरुनीलक्कुडीची. तिच्या वडिलांची शेती. एका रविवारी मी तिच्याबरोबर बसनं तिच्या गावी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भेगाळून पडली होती. कुरुवै, म्हणजे कमी मुदतीचं पहिलं भातपीक, जूनमध्ये पाणी आलं तरच घेता येतं. तिचे वडील दर वर्षी उन्हाळ्यातच आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात जाऊन बियाणं ठरवून यायचे. त्या वर्षी गेले नव्हते. शेजाऱ्यानं भाड्यानं द्यायला घेतलेलं लावणीचं यंत्र गोठ्यात ताडपत्रीखाली होतं आणि त्याच्या बसायच्या जागेवर एका कोंबडीनं अंडी घातली होती. वर्तमानपत्रात धरणाच्या पातळीची रोज एक छोटी चौकट येते, ती मी त्या दिवसांत रोज पाहत होते. पातळी खालीच चालली होती.

मी लिहिलं की यंदा पाणी उशिरा येईल, कुरुवैची लावणी घटेल, आणि या कंपनीचा आमच्या भागातला धंदा बसेल. अध्यक्षांना जे वाटतं ते मला पटत नाही, असंही लिहिलं. लिहिताना फार मजा येत होती.

मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. नंतर मला थांबवून म्हणाल्या की याच कामाची नोकरी असते, त्याला फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट म्हणतात. कंपन्या वाचायच्या, माणसांशी बोलायचं, आकडे मांडायचे, आणि मग आपलं मत द्यायचं. मत देण्याचा पगार मिळतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या घरात मतं सगळ्यांनाच होती, त्यांचा पगार कुणालाच नव्हता.

परीक्षा संपली आणि निवडीचे दिवस सुरू झाले. मॅडमचं म्हणणं, या कामासाठी फायनान्सची स्वतंत्र मास्टर्स डिग्री कर. अप्पांना एम.बी.ए. पसंत होतं. त्यांचं कारण सरळ होतं: एम.बी.ए. म्हटलं की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कळतं. ‘फायनान्सचं मास्टर्स’ म्हटलं की पुढे दोन वाक्यं समजावत बसावं लागेल, आणि तोवर कॉफी दळून होते. काकांच्या ऑफिसचं तर ठरलेलंच होतं.

आईनं यात एक उपयोगी गोष्ट केली. तिनं माहितीपत्रकांतले हसऱ्या मुलामुलींच्या फोटोंची पानं पालथी घातली आणि मला फक्त विषय वाचायला लावले. दुसऱ्या वर्षीचे. म्हणाली, पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच असतं, दुसऱ्या वर्षी खरं काय ते कळतं. यातलं परीक्षा नसती तरी तू काय वाचलं असतंस तेवढं सांग. मी दोन्हीकडचं वाचलं. एम.बी.ए.त जाहिरात होती, माणसं सांभाळणं होतं, कारखाना चालवणं होतं, फायनान्स त्यातला एक तुकडा. चांगलंच होतं ते सगळं, पण मला भूक एकाच पदार्थाची होती. दुसऱ्या यादीत कंपनीचं मूल्य कसं ठरवायचं, ताळेबंद कसा वाचायचा, पुढच्या वर्षांचे अंदाज कसे बांधायचे, संख्याशास्त्र, बाजार. मी वाचत राहिले आणि आई काही न बोलता तांदूळ निवडत राहिली. उत्तर तिला कळलं होतं.

अवघड भाग पुढेच होता. काकांना कोण सांगणार? अप्पा म्हणाले, तू सांग. आई म्हणाली, अप्पांनी सांगावं. मी म्हटलं, जरा थांबू या. त्या दिवसांत मी काकांच्या घरी जायचं टाळत होते आणि काकू रोज कुणाच्या तरी हाती माझ्यासाठी काही ना काही पाठवत होती. एकदा लिंबाचा भात, एकदा फणसाचे गरे. मी डबे धुऊन परत पाठवत होते, स्वतः जात नव्हते.

तेवढ्यात कावेरीच्या उगमाकडे, कोडगूच्या डोंगरात, वळिवाचा जोरदार पाऊस झाला. वर्तमानपत्रातल्या चौकटीतला आकडा थबकला, मग वर चढू लागला. मी आधी विश्वास ठेवला नाही. मग बातमी आली की धरण ठरल्या वेळी उघडणार.

पाणी बघायला काका मला लहानपणापासून दर वर्षी नेत. त्या वर्षीही सकाळी दाराशी त्यांची स्कूटर वाजली आणि मला जावंच लागलं. पुलावर गर्दी होती. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. पाणी आलं, अगदी वेळेवर, माझ्या प्रत्येक वाक्याला खोटं पाडत आमच्या पायांखालून निघून गेलं. माझ्या लिखाणाचं कौतुक अप्पांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. काका पाण्याकडे बघतच म्हणाले, “तुझा अंदाज चुकला म्हणायचा.”

मी हो म्हटलं, आणि मग मला थांबताच येईना. मी त्यांना सांगत सुटले की मी धरणाकडे पाहिलं पण धरणाच्या वरच्या डोंगरांकडे पाहिलंच नाही. उन्हाळ्यातला पाऊस तिथे कधी कधी सगळं फिरवतो, ते जुन्या वर्षांवरून तपासायला हवं होतं. शेन्बगमचे वडील कालच धावत आडुतुरैला गेले आणि हवं ते बियाणं संपलं म्हणून दुसरंच घेऊन आले. आता सगळ्यांनाच एकदम घाई होणार, लावणीला माणसं मिळणार नाहीत, म्हणजे यंत्रं उलट जास्तच चालतील. अध्यक्षांचं बरोबर निघेल, पण त्यांना वाटत होतं त्या कारणानं नाही. हे सगळं बोलताना मी हसत होते. ते माझ्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं.

ते स्कूटरकडे वळले. मला घरी सोडलं आणि वर न येताच गेले.

नंतर दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नेलं. काही शुभ काम असलं की आमच्याकडे तिथे जातात. ती मूर्ती समुद्राच्या फेसाची आहे असं मानतात, म्हणून तिला पाणी, दूध, तेल काही घालत नाहीत, नुसती कापराची पूड वाहतात. देवळातला तो थंड, कोरडा वास मला फार आवडतो. दर्शन झाल्यावर आम्ही बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर बसलो. कोणतं शुभ काम, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, ते आता उमेदवारीचा दिवस सांगणार.

काका घरात बोलतात ती मराठी अगदी जुन्या वळणाची आहे. ते म्हणाले, “रुक्कु, माझ्या कामांत चूक झाली तर मला जेवण जात नाहीं. तूं चुकलीस आणि तुझें तोंड फुललें होतें. अशा माणसाला मी ऑफिसांत कोठें बसवूं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी बेरीज दोन्ही बाजूंनी जुळल्यावर माणूस जसा बोलतो तसं ते बोलत होते. मग त्यांनी विचारलं की कोणता कोर्स मनात आहे. अप्पा-आईपैकी कुणी तरी सांगितलं असावं, किंवा कुणीच सांगितलं नसावं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “सरी. आतां तें कॉलेज नीट तपासूं.”

‘सरी’ म्हणजे ठीक. आमच्या मराठीत तमिळचे असे कितीतरी शब्द घरच्यासारखे राहतात. पण त्या दिवशी त्या शब्दाला जेवढं वजन होतं तेवढं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

आणि मग काकांनी कॉलेजांची खरोखरच तपासणी केली. माझ्या मनात दोन होती, एक चेन्नईचं आणि एक पुण्याचं. चेन्नईच्या कॉलेजची इमारत काचेची, जाहिराती मोठ्या. काकांनी ओळखी काढून दोन्हीकडून बाहेर पडलेल्या मुलांचे फोन नंबर मिळवले. त्यांना ते एकच विचारायचे: तुम्ही रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर काय करता? काचेच्या इमारतीतली बरीच मुलं विम्याच्या पॉलिसी आणि क्रेडिट कार्डं विकत होती. त्यात वाईट काही नाही, काका म्हणाले, पण आपण ज्यासाठी जातोय ते हे नव्हे. पुण्याची मुलं कंपन्यांचे अहवाल वाचत होती, एक्सेलवर डोळे फोडत होती, वरिष्ठांच्या शिव्या खात होती. ती तक्रारी करत होती ते ऐकून माझा चेहरा उजळला, असं काकू सांगते. अप्पांना पुणं एका वेगळ्याच कारणानं पटलं. तिकडे सगळं गाव मराठी बोलतं, म्हणजे मुलगी घरातच राहिल्यासारखी, असं ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. त्यांना समजावायची दोन वाक्यं सापडली होती.

पुण्यात मात्र माझी मराठी ऐकून लोक थबकायचे. होस्टेलच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तू नाटकात कामं करतेस का? रुक्मिणी हे नाव वर्गातल्या मुलींच्या पणज्यांचं होतं. मी ‘कोठे’ म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. हळूहळू मी इथली मराठी शिकले, आणि हे लिहितेय तीही तीच. पण फोनवर काकांचा आवाज आला की माझ्या वाक्यांच्या शेवटी अनुस्वार आपोआप परत येतात.

अभ्यास मला आवडला. सगळाच नाही, संख्याशास्त्रानं मला रडवलं. पण जे आईसमोर बसून निवडलं होतं ते खरोखर तसंच निघालं, असं आयुष्यात फार वेळा होत नाही. आता मी शेतीशी संबंध असलेल्या कंपन्या बघते. बियाणं, खतं, पंप, यंत्रं. अंदाज बांधते, त्यातले काही चुकतात, मग का चुकले ते लिहून वरिष्ठांपुढे ठेवते. ते वाचून ते काही खूश होत नाहीत. मी अजूनही आतून थोडीशी होते. एम.बी.ए. केलं असतं तर पगार कदाचित आधी वाढला असता, सीए झाले असते तर या गावात मान मिळाला असता. हे सगळं मला माहीत आहे आणि त्यानं झोप उडत नाही.

काकांनी खिडकीजवळचं ते टेबल वर्षभर तसंच रिकामं ठेवलं होतं, हे मला काकूनं खूप नंतर सांगितलं. उमेदवारीला मुलं येत होती, ते त्यांना दुसरीकडे बसवत होते. वर्षभरानंतर एक दिवस त्यांनी स्वतःच एका नव्या मुलीला तिथे बसायला सांगितलं. ती आता सीए झाली आहे आणि बरंचसं काम तीच बघते. काका मला यातलं कधी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. काही गोष्टी काकूंकडून कळाव्यात हेच बरं असतं.

या खेपेला घरी इंटरनेट सारखं तुटत होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन काकांच्या ऑफिसात जाऊन बसू लागले. ती मुलगी सुट्टीवर होती, खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. खाली पितळ ठोकलं जात होतं, वर पंखा फिरत होता. एका बाजूला काका कुणाचं तरी विवरणपत्र तपासत, दुसऱ्या बाजूला मी एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे पुढच्या वर्षांचे आकडे मांडत. एकमेकांच्या कामात आम्ही बोललो नाही. एकदाच ते चहा घेऊन माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले, बराच वेळ पडद्याकडे बघितलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की हा आकडा कशावरून. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटल्याची होती की नुसतीच, ते मला कळलं नाही, आणि कळायला हवं असंही वाटलं नाही.

संध्याकाळी त्यांचे डोळे दुखू लागले. त्यांनी चष्मा काढला, कागद नीट एकावर एक ठेवले, छत्री घेतली. माझं काम व्हायला अजून अवकाश होता. मी उठायला लागले, कारण इतक्या वर्षांत ते ऑफिस काकांशिवाय कुणी बंद केल्याचं मला आठवत नाही. काकूलासुद्धा त्यांनी कधी ते करू दिलं नव्हतं.

ते दारात थांबले. म्हणाले, “बस तूं. सावकाश कर. जातांना दार ओढून घे.”

आणि जिना उतरून गेले. खालच्या दुकानदाराशी त्यांचं तमिळमध्ये काहीतरी बोलणं झालं, मग त्यांची पावलं रस्त्यावरच्या आवाजांत मिसळली. मी पुन्हा बसले आणि पुढची ओळ भरायला घेतली.